तीन पाकिटं आणि एक कॅमेरा

साडेपाच वाजेपर्यंत ते मला 'आपण' म्हणत. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले की 'तू'. मधलं काही नव्हतं. पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी "आपण ती फाईल वर पाठवलीत का?" असं विचारणारे गृहस्थ दोन मिनिटांनी लिफ्टपाशी भेटले की म्हणायचे, "काय गं, डबा खाल्लास का आज?" ते घड्याळ चार मिनिटं मागे होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. पण सरकारी घड्याळ दाखवील ती सरकारी वेळ.

दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात ते सेक्शन ऑफिसर होते आणि मी करारावर डेटा भरणारी. अख्ख्या मजल्यावर मराठी आम्ही दोघंच. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर. एरवी सगळे त्यांना 'एल-वन' म्हणत. सरकारी खरेदीत ज्याची किंमत सर्वांत कमी तो एल-वन, आणि माल त्याच्याकडूनच घ्यायचा. मग त्याच्या खुर्चीचा पाय तीन महिन्यांत का निखळेना. तीस वर्षं हेच केल्यावर ते स्वतःही तसे दिसू लागले होते. ठेंगणे, मोजकं बोलणारे, दोनच सदरे, आणि कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेली रेक्झिनची बॅग. मी त्यांना 'काका' म्हणायचे, अर्थात साडेपाचनंतर. त्याआधी 'सर'.

घरच्या चपला घ्यायच्या असल्या तरी त्यांना तीन दुकानांची लेखी कोटेशनं लागत. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी वरण वाढता वाढता सांगितलं, "लग्नाच्या वेळीसुद्धा ह्यांनी तीनच स्थळं पाहिली. आधीच्या दोघींच्या घरून लेखी होकार आला नाही, म्हणून माझा नंबर लागला."

"वेळेत आला नाही," काका म्हणाले. "मुदत पंधरा तारखेची होती."

हे विनोदानं म्हटलेलं होतं की माहिती म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

दिल्लीत तीस वर्षं काढूनही त्यांचं हिंदी मात्र त्यांच्या गावाच्या, इस्लामपूरच्या, अलीकडेच थांबलेलं होतं. मराठी वाक्याला शेवटी 'है' जोडलं की हिंदी होतं, अशी त्यांची समजूत होती. आणि बहुतेक वेळा काम भागायचं. एकदा वरच्या साहेबांनी त्यांची एक फाईल चौथ्यांदा परत पाठवली. काका तडक त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, आप मेरी चेष्टा कर रहे हैं." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साहेब गहिवरले. "जी, पूरी चेष्टा कर रहे हैं. आप चिंता न करें." फाईल दुसऱ्या दिवशी मंजूर झाली. काकांना वाटलं, आपण खडसावल्यामुळे झाली.

या हिंदीकडे मी तेव्हाच जरा गंभीरपणे बघायला हवं होतं.

मी मुनिरकात राहत होते. माझ्या खिडकीतून हात बाहेर काढला की तो समोरच्या खिडकीत जायचा, इतकी ती गल्ली ऐसपैस. पत्रकारितेची पदविका होती, काम डेटा भरण्याचं होतं, आणि वडिलांशी करार झालेला होता: वर्षभरात दिल्लीत मनासारखं काही जमलं नाही, तर अकोल्याला परत येऊन पतसंस्थेत चिकटायचं. त्या वर्षाचे तीन महिने उरले असताना नोएडातल्या एका वृत्तसंस्थेची जाहिरात आली. शिकाऊ छायाचित्रकार हवे होते. दिल्लीवरची वीस छायाचित्रं, स्वतः घेतलेली, छापील प्रती आणि मूळ फाईलींसह, अमुक महिन्याच्या एक तारखेपर्यंत. खाली ठळक अक्षरांत: फोनवर काढलेली विचारात घेतली जाणार नाहीत.

माझ्याकडे फोनच होता. पदविकेच्या वेळी कॉलेजचा कॅमेरा वापरला होता, तो पाच जणांत एक. आणि बाजूला टाकलेले पंचवीस हजार होते. त्यात नवा कॅमेरा येत नव्हता, जुना येत होता, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजाराबद्दल मला तेवढंच माहीत होतं जेवढं इंटरनेटवर अनोळखी लोक एकमेकांना शिव्या देत सांगतात. एका शनिवारी चांदणी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत जाऊन आले आणि एका यंत्राच्या प्रेमात पडले. हातभर लांब भिंग, सोबत बॅग, स्टँड, पुसायचं फडकं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इससे चाँद के गड्ढे भी दिखते हैं."

सोमवारी साडेपाचनंतर लिफ्टपाशी मी काकांना हे सांगितलं. त्यांनी लिफ्ट जाऊ दिली.

"फोनला काय झालं?"

"फोनवरचे चालत नाहीत."

"लेखी आहे?"

मी जाहिरातीचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, पेन काढून कोपऱ्यात बारीक सही केली. "गरज सिद्ध झाली. आता चंद्राचं. चंद्रावर तुला काय काम आहे?"

"काही नाही."

"मग त्या खड्ड्यांचे पैसे आपण देणार नाही."

त्या 'आपण'मध्ये मीही होते, हे मला जिन्यात उमगलं. पुढचे तीन शनिवार मी नको नको म्हणत असताना त्यांनी ही खरेदी चालवायला घेतली. आधी एक तक्ता आखला. उभ्या रकान्यांत दुकानं, आडव्यात अपेक्षा. मी 'मेगापिक्सेल' लिहिलं होतं. काकांनी तिन्ही दुकानांत विचारलं, "ये मेगापिक्सेल में क्या मोजते हैं?" तिघांनी तीन उत्तरं दिली, म्हणून तो रकाना रद्द झाला. त्याऐवजी आले: हातात बसतो का. बॅटरी उद्याही मिळेल का. शटर आजवर किती वेळा उडालं. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: दोष काय आहेत ते विक्रेता स्वतः सांगतो का.

मग त्यांनी तिन्ही दुकानदारांकडे बंद पाकिटात कोटेशन मागितलं. एका जुन्या कॅमेऱ्यासाठी. मी प्रत्येक दुकानासमोर एखाद्या ठेल्याआड उभी राहिले, मला ओळखत नसल्यासारखी. चंद्रवाल्यानं हसून व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा खरडला. दुसऱ्यानं विचारलं, "अंकल, कॅमेरा लेना है या पुल बनवाना है?" तिसरा म्हातारा होता, दुकान चिंचोळं. त्यानं शांतपणे लेटरहेड काढलं, तारीख घातली, स्वच्छ अक्षरात लिहिलं, पाकिटाला डिंक लावला आणि वर शिक्का मारला. म्हणाला, "पहले सरकार को सप्लाई करता था जी." काका आणि तो एकमेकांकडे अशा नजरेनं पाहत राहिले की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

पाकिटं सोमवारी कँटीनमध्ये उघडली, चहावाल्याला साक्षीला बसवून. चंद्रवाला एल-वन होता. म्हातारा दीड हजारांनी महाग, पुलवाला त्याहून. मी मनात फडक्यासकट तो कॅमेरा घरी घेऊन गेलेसुद्धा.

"थांब," काका म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणी राहिली."

पाहणीला त्यांनी घरातली टॉर्च आणली. कॅमेऱ्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण तीस वर्षं कपाटं, पंखे आणि सतरंज्या उलट्या करून बघण्याचा सराव होता. चंद्रवाल्याच्या भिंगात त्यांनी पाठीमागून टॉर्च मारली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं होतं.

"ये क्या है?"

"अंकल, ये तो डिज़ाइन है."

"बुरशी आहे," काका मला मराठीत म्हणाले. "पावाला येते ती. तांत्रिकदृष्ट्या बाद." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आनंद पाहिला. एल-वन बाद झाला की एल-टू आपोआप एल-वन होतो. नियम मोडावा लागला नाही आणि चांगली वस्तू मिळाली, असं त्यांच्या नोकरीत फार वेळा घडलं नसावं.

म्हाताऱ्याच्या कागदावर दोष आधीच लिहिलेले होते: उजव्या बाजूचं रबर सुटतं, मागच्या पडद्यावर एक ओरखडा. बाकी ठीक. ते दोष आजही आहेत. बाकी आजही ठीक आहे.

पुढचे सात आठवडे मी मिळेल त्या वेळेत दिल्ली टिपत फिरले. किल्ला, मकबरे, धुक्यातला सूर्य, गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत पडलेले ढग. मला सगळं भव्य हवं होतं. काकांचा एक तरी फोटो घ्यावा म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "प्रयोजन?" आणि मला उत्तर देता आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये एवढ्या मोठ्या फाईली मावत नव्हत्या. बाहेरची डिस्क आज घेऊ, उद्या घेऊ, असं चाललं होतं. हे काकांना कळलं तेव्हा ते घाबरले. "म्हणजे दुसरी प्रत नाही? अगं, ज्याची प्रत नाही ते घडलंच नाही!" त्यांच्या क्वार्टरजवळच्या मार्केटात एक फोटोचं दुकान होतं. मी ताप येऊन खोलीत पडलेली. त्यांनी कार्ड मागून घेतलं. सकाळी दुकानातून सगळे फोटो कागदावर काढून घेतो म्हणाले. निदान छापील प्रती तरी हातात राहतील.

मी कार्ड दिलं. त्यांनी घडी घालून आणलेल्या पाकिटात ते ठेवलं आणि मला पोच लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून मी कामावर आले. अकरा वीसला काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तू जरा बाहेर ये."

मी घड्याळाकडे बघितलं. अकरा वीस. 'तू'.

घडलं ते असं. काकांनी दुकानदाराला सांगितलं होतं, "इसमें के सारे फोटो निकाल दीजिए." मराठी माणूस फोटो काढतो. कॅमेऱ्यानं काढतो, दुकानातून काढून आणतो, भिंतीवरून काढतो, सगळं काढतोच. दिल्लीचा माणूस फोटो खींचता है, आणि 'निकाल दीजिए' म्हटलं की बाहेर काढून टाकतो. दुकानदारानं विचारलंसुद्धा, "सारे, अंकल? पक्का?" काका म्हणाले, "सारे. एक भी अंदर मत रखिए." त्यानं कार्ड साफ केलं, भला माणूस म्हणून पैसेही घेतले नाहीत, आणि कार्ड नीट चालतं का ते बघायला त्यावर आपण मागे टिपलेल्या कुणाच्या तरी लग्नाचा लांबलचक व्हिडिओ भरून तपासून दिला.

दुपारी आम्ही नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. तिथल्या तज्ज्ञानं तीन तास खटपट करून सहा फोटो परत मिळवले. त्यांत किल्ल्याचा खालचा अर्धा भाग होता, करड्या पट्ट्यांचा, आणि त्यावर कुणाची तरी वरात चढत होती.

मुदतीला चार दिवस होते.

काका फुटपाथवर उभे होते. रेक्झिनच्या बॅगेतून त्यांनी कागद काढला, बॅगेवरच ठेवून लिहिला आणि मला दिला. तीन ओळी होत्या. कार्ड माझ्या ताब्यात होते. नुकसान माझ्या चुकीच्या शब्दामुळे झाले. जबाबदारी पूर्णपणे माझी. खाली पूर्ण सही. या माणसानं तीस वर्षांत 'असे दिसून येते' आणि 'असे निदर्शनास आले आहे' याखेरीज काही लिहिलेलं नव्हतं. हा कागद पुढं करून मी वडिलांना, नोएडाला, कुणालाही सांगू शकत होते की माझा दोष नाही. तो कुठंही चालला नसता, हेही आम्हा दोघांना माहीत होतं.

"काका, डिस्क मी घेतली नव्हती," मी म्हणाले. "माझीही चूक आहे."

"ती तू वेगळ्या कागदावर लिही."

मला हसू आलं आणि रडूही. मग मी म्हटलं, "चार दिवसांत वीस होतील. किल्ला नको आता. तुमचं ऑफिस हवंय मला. आणि तुम्ही." एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. मला हवे होते नेमके तेच चार दिवस.

"प्रयोजन?"

"आहे आता," मी म्हणाले. "तुम्हीच लिहून दिलंय."

त्यांनी बॅगेची चेन लावली. मग म्हणाले, "कार्यालयात छायाचित्रणास मनाई आहे. तो बोर्ड माझ्याच सहीचा आहे."

मंत्रालयात अशी परवानगी मिळायला किमान तीन आठवडे लागतात. फाईल टेबलावरून टेबलावर स्वतःच्या पायांनी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी टिपण लिहिलं, फाईलला टॅग बांधला, ती काखेत मारली आणि स्वतः निघाले. त्यांना जोरात चालताना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. लोक खोल्यांतून बाहेर येऊन बघू लागले. चेष्टावाल्या साहेबांनी विचारलं, "इतनी क्या जल्दी है?" काका म्हणाले, "सर, गलती मेरी है, इसलिए." हे हिंदी बिनचूक होतं. चाळीस मिनिटांत पाच सह्या झाल्या. अट एकच, फाईलीतला मजकूर दिसता कामा नये. संध्याकाळी मी डिस्क घेतली.

त्या चार दिवसांत मी भव्य असं काही टिपलं नाही. चार मिनिटं मागे चालणारं घड्याळ. लाल फितीत बांधलेल्या फाईलींचं कपाट, आणि तीन पायांवर तोललेली, भिंतीला टेकवलेली एल-वन खुर्ची. बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले पुरवठादार. डिंक लावणारा एक अंगठा. क्वार्टर रिकामं करायचं होतं, तर काकूंनी कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर उरलेला पांढरा चौकोन. कॅलेंडर धरून काकू म्हणाल्या, "ह्या खोक्यांची पण तीन कोटेशनं आली. मी दुसऱ्याच दिवशी किराणावाल्याकडून फुकट आणली. सांगू नकोस हं." तो फोटो चांगला आला, कारण काका दारात उभे राहून ऐकत होते.

एकोणीस झाले. एकतीस तारखेला चार वाजता निरोप समारंभ होता. शाल, हार, आणखी एक हार, साहेबांचं भाषण. त्यात काका 'विभागाचे आधारस्तंभ' होते. ज्यांनी भाषण केलं त्यांनी त्यांच्या चारशे फाईली परत पाठवल्या होत्या. भेट म्हणून भिंतीवरचं मोठं सोनेरी घड्याळ दिलं. काकांनी हळूच विचारलं, "कोटेशनं किती होती?" विभागाचा ठरलेला फोटोग्राफर लखलखाट करत होता. "सर, इधर! सर, स्माइल!" काका झेंडूत बुडून गेले होते. मी तीन-चार वेळा बटण दाबलं. सगळ्यात झेंडूच.

लोक सामोशांकडे वळले. काका आपल्या रिकाम्या टेबलाशी बसले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, पण त्या आठवड्यात 'आपण' परत आलंच नव्हतं.

"काढलास?"

"नीट येत नाहीये."

त्यांनी खाली स्वतःकडे पाहिलं. "तू आधी हा हार काढ," ते म्हणाले. "मग फोटो काढ."

मी काढला. दोन्ही.

नोएडाच्या त्या काचेच्या खोलीत तिघं जण बसले होते. विसावा फोटो त्यांनी टेबलावर बराच वेळ ठेवला. रिकामं टेबल, ठेंगणा माणूस, मानेवर हाराच्या दोऱ्याचा लाल वळ. एकानं विचारलं, "कौन हैं ये?" मी सांगितलं. कॅमेरा कुठला तेही विचारलं. रबर सुटलेलं पाहून हसले. मग सोमवारपासून या म्हणाले.

मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून मी काकांना फोन लावला.

"काका, झालं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग काकूंना काहीतरी सांगितल्याचा आवाज.

"लेखी दिलं का?"

"दिलं. हातात आहे."

"मग आधी त्याची झेरॉक्स काढून घे," ते म्हणाले. "आणि हे बघ, दुकानात तोंड उघडू नकोस. नुसता कागद पुढं कर."